वाटखर्च कोणी द्यायचा?



आजचा विषय थोडा वेगळा आहे. लांबच्या पायी प्रवासाचा खर्च. आपल्या वसईतली तरुण मुलं-मुली अलीकडे पाठीवर पिशव्या टाकून निघतात. कोणी किनाऱ्याकिनाऱ्याने कोकण उतरतं, कोणी नर्मदेला जातं, कोणी हिमालयात. महिना, दोन महिने, कधी चार महिने. मग मोबाइलवर एक निवेदन येतं : ‘आम्ही चालणार आहोत, यथाशक्ती मदत करा.’ त्यावर घराघरांत वाद होतात. ज्येष्ठ म्हणतात, ‘स्वतःच्या हौसेसाठी लोकांपुढे हात का पसरायचा?’ तरुण म्हणतात, ‘देणारा खुशीने देतो, तुमचं काय जातं?’ आम्ही उभा जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात घालवला, त्यामुळे दोन्ही बाजूंचं ऐकून घ्यायची सवय आहे. पण हा वाद नुसता तर्काने सुटत नाही. इतिहासात शिरावं लागतं. कारण पायी प्रवासाचा वाटखर्च हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही.

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. रेल्वे येण्यापूर्वी चालणं ही हौस नव्हती. गरिबाला दुसरं वाहनच नव्हतं. आपल्या विरारहून मुंबईला पहिली गाडी सुटली ती १८६७ साली. मुंबईहून जबलपूरमार्गे कलकत्त्यापर्यंत लोहमार्ग जोडला गेला १८७० मध्ये. त्याआधी काशीला जायचं तर पायी जायचं, आणि महिनोन्‌महिने जायचं. म्हणजे तेव्हाचा प्रश्न ‘हा चालतोय कशाला?’ असा नव्हता. ‘याच्या जेवणाचं काय?’ असा होता. रेल्वे आल्यावर चालणं ही निवड झाली. जी गोष्ट निवडून केली जाते तिचा खर्च दुसऱ्याने का द्यावा, हा सवाल तिथून सुरू होतो. आज घरात होणाऱ्या वादाचं मूळ हे असं दीडशे वर्षांपूर्वीचं आहे.

आता उदाहरणं घेऊ. पहिलं उदाहरण पेणजवळच्या वरसईचं. विष्णुभट गोडसे हे तिथले भिक्षुक. पेशवाई बुडाल्यावर वैदिक ब्राह्मणांचे आश्रय आटले, घरावर कर्ज झालं. अशात बातमी आली की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला सर्वतोमुख नावाचा मोठा यज्ञ करणार आहेत आणि त्यात लाखांनी दानधर्म होणार आहे. कर्ज फेडायची ही संधी, असं ठरवून गोडसे आपल्या काकांबरोबर १८५७ च्या आरंभी उत्तरेकडे निघाले. पायी.

याचा हिशेब कसा होता, बघा. गाठीला फारसा पैसा नव्हता. पण विद्या होती. वाटेत ओळखीपाळखीने उतरायचं, मराठी संस्थानांत आणि सरदारांकडे धर्मकृत्यं करायची, दक्षिणा घ्यायची. आजच्या भाषेत सांगायचं तर प्रवासाला प्रायोजक शोधायचा आणि प्रवासातूनच घरी पैसेही आणायचे. बेत काही वेडेपणाचा नव्हता. पण वाटेतच उठावाचा वणवा पेटला आणि मूळ बेत बाजूला पडला. गोडसे झाशीत राणी लक्ष्मीबाईंच्या आश्रयाला होते. १८५८ मध्ये इंग्रजांनी झाशी घेतली तेव्हाची कत्तल आणि लूट त्यांनी डोळ्यांनी पाहिली. मिळवलेली दक्षिणा लुटीत गेली. शेवटी ते घरी परतले तेव्हा खांद्यावर गंगेची कावड होती, पण ज्या धनासाठी निघाले ते पदरात नव्हतं.

पुढे १८८३ च्या सुमारास त्यांनी ही हकीकत लिहून काढली. इंग्रजांचा अंमल असल्यामुळे ती लगेच छापणं शक्य नव्हतं. चिंतामणराव वैद्य यांनी ‘माझा प्रवास’ या नावाने ती १९०७ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा गोडसे हयात नव्हते. म्हणजे बघा, कर्ज फेडण्यासाठी काढलेल्या वाटचालीने घराला पैसा दिला नाही, मराठीला मात्र अठराशे सत्तावन्नचा एक मोलाचा वृत्तांत दिला. आश्रयदात्याच्या भरवशावर निघणाऱ्याने यातून घ्यायचं ते एवढंच : आश्रय देणाऱ्याचं सिंहासन डळमळलं की आपला वाटखर्चही डळमळतो. सिंहासनाच्या जागी आज एखादी कंपनी ठेवा, फरक पडत नाही.

दुसरं उदाहरण सगळ्यांच्या परिचयाचं, पंढरीची वारी. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास अंतर, जवळपास तीन आठवड्यांची वाट. आज आपण जो ज्ञानेश्वर माउलींचा पालखी सोहळा पाहतो त्याला शिस्तीचं रूप दिलं हैबतराव बाबा आरफळकर यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. सातारा भागातल्या आरफळचे हे गृहस्थ शिंदे सरकारच्या चाकरीत होते. त्यांच्या सोहळ्याला बेळगावकडच्या अंकलीच्या शितोळे सरदारांनी घोडे, तंबू असा सरंजाम दिला. माउलींचे अश्व आजही अंकलीहून चालत आळंदीला येतात. म्हणजे वारीलाही प्रायोजक होता. नाही कसा?

पण सरदाराच्या सरंजामावर सोहळ्याचा थाट चालतो. हजारो माणसांचं रोजचं जेवण त्यातून होत नाही. ते होतं दिंडीच्या भिशीतून. भिशी हा शब्द आपल्याकडे महिन्याला पैसे जमवून पाळीपाळीने उचलण्याच्या व्यवहाराला वापरतात. दिंडीतही हाच शब्द आहे. दिंडीत नाव घालताना वारकरी ठरलेली रक्कम देतो. त्यातून किराणा, स्वयंपाकी, सामानाचा ट्रक, पाण्याचा टँकर, मुक्कामाच्या राहुट्या यांचा खर्च निघतो. शेतकरी आधीच्या हंगामात ती रक्कम बाजूला काढून ठेवतो. म्हणजे बचत आली. एखाद्या म्हातारीला सगळी रक्कम झेपत नसेल तर दिंडीवाले सांभाळून घेतात. म्हणजे परस्परांचा आधार आला. आणि वाटेतली गावं पंगती घालतात, चहा देतात, कोणी चपला शिवून देतो, कोणी पाय दाबतो. ही लोकवर्गणीच आहे, फक्त रोख नाही.

तर वारीत तीनही प्रकार एकावर एक रचलेले आहेत : स्वतःची बचत, सरदाराचा आश्रय आणि लोकांचा हातभार. यातला कुठलाही एक थर एखाद्या वर्षी पातळ झाला तरी वारी अडत नाही. आमच्या मते वारी इतकी टिकली याच्या कारणांत भक्तीबरोबर हा व्यवहारही मोजायला हवा.

आता यात चौथा थर आला आहे, सरकारचा. २०२४ च्या राज्याच्या अर्थसंकल्पात दिंडीमागे २०,००० रुपये जाहीर झाले. वारकऱ्यांमध्येच त्यावर दोन मतं उमटली. काहींना वाटलं, रस्ता, पाणी, दवाखाना द्या, ते तुमचं कामच आहे. पण दिंडीच्या हातात रोख रक्कम कशाला? ही शंका उडवून लावण्याजोगी नाही. तिचं उत्तर शोधायला आपण तिसऱ्या उदाहरणाकडे जाऊ.

तेही पेण तालुक्यातलंच. गागोदे हे विनोबा भाव्यांचं जन्मगाव. मार्च १९५१ मध्ये ते पवनारहून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या संमेलनाला पायी निघाले. संमेलनानंतर तेलंगणात फिरताना १८ एप्रिलला पोचमपल्लीत त्यांना पहिलं भूदान मिळालं आणि मग ते चालतच राहिले, जवळपास तेरा वर्षं. जगाच्या इतिहासातल्या मोठ्या पदयात्रांपैकी ही एक. हिचा खर्च कोण करत होतं? विनोबांच्या स्वतःच्या गरजा अगदीच थोड्या होत्या आणि मुक्कामाचं गाव त्या भागवत असे. पण आंदोलन वाढलं तशा प्रांतोप्रांती समित्या झाल्या, पूर्णवेळ कार्यकर्ते नेमले गेले, आणि त्यांच्यासाठी गांधी स्मारक निधीतून पैसा येऊ लागला.

१९५६ च्या अखेरीस तमिळनाडूत पळणी इथे विनोबांनी एक धक्कादायक निर्णय घेतला. निधीचा पैसा बंद आणि समित्या विसर्जित. निधिमुक्ती आणि तंत्रमुक्ती, हे त्यांचे शब्द. निधी काही वाईट हेतूचा नव्हता. गांधीजींच्याच नावाचा होता. पण आंदोलन लोकांचं असेल तर ते लोकांच्या आधारावर चाललं पाहिजे, असा त्यांचा आग्रह. पुढे सर्वोदय पात्राची कल्पना आली. घरात एक भांडं ठेवायचं आणि घरातल्या लहान मुलाने रोज मूठभर धान्य त्यात टाकायचं. मूठ मुद्दाम मुलाची, कारण मुलालाही कळावं की आपल्या घासातला वाटा दुसऱ्याचा आहे.

परिणाम काय झाला? इथे भक्तिभावाने बोलून चालणार नाही. पगारी कार्यकर्ते अनेक ठिकाणी दुसरीकडे वळले आणि काम मंदावलं. घराघरांतली मूठ त्या निधीची जागा घेऊ शकली नाही. म्हणजे तत्त्व उजळलं आणि काम मंदावलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि कोणाला पैसे नाकारायचे असतील तर त्याने ही किंमत आधी मोजून ठेवावी.

याच विनोबांकडे दोन तरुण कार्यकर्ते आशीर्वादाला गेले होते. सतीश कुमार आणि ई. पी. मेनन. अण्वस्त्रांच्या विरोधात दिल्लीहून मॉस्को, पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टनला पायी जायचं म्हणत होते. विनोबांनी सल्ला दिला तो असा की, बरोबर पैसे घेऊ नका आणि शाकाहार सोडू नका. १९६२ साली ते राजघाटावरून निघाले. पैसा नसल्यामुळे त्यांना रोज संध्याकाळी कोणाच्या तरी दारात उभं राहावं लागलं, आणि दारात उभं राहिलं की बोलावं लागलं. अफगाणिस्तान, इराण, रशिया असं करत ते गेले. खिशात पैसे असते तर खाणावळीत जेवून झोपले असते आणि शांततेचा विषय कोणाशी निघालाच नसता. पण समुद्र काही पायी ओलांडता येत नाही. अमेरिकेच्या बोटीच्या तिकिटासाठी तिकडच्या हितचिंतकांची मदत घ्यावी लागलीच. पैसा नको म्हणणाऱ्याच्या वतीने कोणीतरी पैसा मोजत असतो, हेही विसरू नये.

नर्मदा परिक्रमेतही हेच आहे. परंपरेचा दंडक असा की संग्रह करायचा नाही, मिळेल ते खायचं, आश्रमात किंवा गावात उतरायचं. काठावरच्या अन्नछत्रांवर आणि गरीब घरांतल्या सदावर्तावर ही व्यवस्था उभी आहे. देणाऱ्यांत कित्येक जण घेणाऱ्यापेक्षा गरीब असतात. आपल्या शहरातली पेन्शनवाली माणसं एका आदिवासी घरातल्या पिठावर जेवतात तेव्हा त्याला नुसतं ‘मैयाची कृपा’ म्हणून मोकळं होता येईल का? नाशिकच्या भारती ठाकूर यांनी २००५-०६ मध्ये परिक्रमा केली. काठावरच्या मुलांच्या शिक्षणाची स्थिती पाहून त्या पुढे तिकडेच राहायला गेल्या आणि नर्मदालय उभं केलं. परिक्रमा करणाऱ्या प्रत्येकाने असं करावं असं आम्ही म्हणत नाही. पण खाल्लेल्या घासाची नोंद मनात राहते, एवढं यातून दिसतं.

आता परत आपल्या घरच्या वादाकडे येऊ. आपल्या भाषेत मागण्याला किती शब्द आहेत बघा. भीक, भिक्षा, माधुकरी, दक्षिणा, वर्गणी, देणगी. सगळ्यांत पैसा किंवा अन्न एका हातातून दुसऱ्या हातात जातं, पण नातं दर वेळी निराळं. भीक घेणाऱ्यावर काही बांधिलकी नसते. दक्षिणा कामाबद्दल असते. माधुकरी पाच घरची थोडीथोडी असते, कोणा एकावर भार नको म्हणून. वर्गणी घेणाऱ्याला हिशेब द्यावा लागतो. गणपतीची वर्गणी देणारा माणूस अहवालात आपलं नाव बरोबर शोधतो, आणि शोधलंच पाहिजे.

मोबाइलवरून मागितलेली मदत ही भीक नाही, असं आम्ही ज्येष्ठांना सांगू. ती वर्गणी आहे. पण ती वर्गणी आहे म्हणूनच तरुणांना चार गोष्टी सांगाव्या लागतील. पहिली, आधी स्वतःची भिशी भरा. सहा महिने, वर्षभर बचत करा आणि निदान खाण्याचा खर्च स्वतःचा ठेवा. स्वतः काहीच न घालता मागणाऱ्याला वारीतही जागा मिळते, पण तो अपवाद म्हणून, नियम म्हणून नाही. दुसरी, कशासाठी मागता ते नेमकं सांगा. बूट, तंबू, परतीचं तिकीट, विमा, जे असेल ते. एखाद्या शाळेच्या किंवा रुग्णाच्या नावावर गोळा करून स्वतःच्या तंबूवर खर्च झाला तर तो सरळ विश्वासघात आहे. तिसरी, एखादा प्रायोजक मिळत असेल तर त्याची अट आधी वाचा. त्याच्या नावाची टोपी घालायला हरकत नाही, पण कुठे थांबायचं आणि काय बोलायचं हे तो ठरवणार असेल तर चालणारे पाय तुमचे आणि प्रवास त्याचा. मध्ययुगीन युरोपात श्रीमंत माणसं पैसे देऊन आपल्या वतीने दुसऱ्याला तीर्थयात्रेला धाडत. पुण्य देणाऱ्याचं, फोड चालणाऱ्याचे. तो व्यवहार निदान उघड होता.

चौथी गोष्ट, परत आल्यावर हिशेब द्या. रुपयांचा तर द्याच, पण पाहिलं काय त्याचाही द्या. विष्णुभट गोडसे पंचवीसएक वर्षांनी लिहायला बसले. तुम्ही एवढा उशीर करू नका.

आणि ज्येष्ठांनो, आपल्या शेजारी निर्मळची कार्तिकातली यात्रा भरते. तिथे बाहेरगावच्या माणसाला पाणी विचारताना आपण कधी ‘तू हौसेने आलास की श्रद्धेने?’ असं विचारत नाही. आधी पाणी देतो, चौकशी मागून करतो. पुढच्या वेळी घरातल्या नातवाने वाटखर्च मागितला तर जमेल तेवढा द्या, नाही जमलं तर नाही म्हणा. पण दिलात, तर परतल्यावर त्याला समोर बसवून सगळं ऐकून घ्या. तो तुमचा हक्क आहे.

प्रश्न असतील तर जरूर विचारा. आम्हाला ऐकू थोडं कमी येतं, तेव्हा जरा मोठ्याने.