भाडेपावतीवरील नाव : गिरणगावातील खोली, पागडी आणि कुटुंब (१९१८ ते २०२५)

प्रस्तावना

मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांनी संप, संघटना आणि राजकीय चळवळी यांना साहजिकच अग्रस्थान दिले आहे. राजनारायण चंदावरकर यांनी कामगारांचे राजकारण केवळ गिरणीच्या आवारात घडत नसून वस्तीतही घडत होते, हे सप्रमाण दाखवून दिले. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी संकलित केलेल्या मौखिक इतिहासामुळे कामगारांचे स्वतःचे बोल ग्रंथरूपाने उपलब्ध झाले. या समृद्ध लेखनाच्या तुलनेत एका साध्या कागदाकडे मात्र कमी लक्ष गेले आहे. तो कागद म्हणजे खोलीची भाडेपावती. घर कोणाचे, घरात कोणी राहावे, गावी कोणी जावे आणि कर्त्या पुरुषाच्या मागे खोली कोणाकडे जावी, हे सारे प्रश्न लालबाग, परळ, शिवडी, वरळी या परिसरात अनेक दशके या पावतीभोवती फिरत राहिले. खोलीच्या आकाराने कुटुंबाची अडचण ठरविली. पावतीवरील नावाने मात्र कुटुंबातील प्रत्येकाचे स्थान ठरविले, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

खोली आणि गाव

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली आणि कामगारांच्या निवाऱ्याचा प्रश्न सरकारच्या नजरेस प्रथमच भीतीच्या रूपाने आला. १८९८ मध्ये सुधारणा विश्वस्त मंडळ स्थापन झाले. या मंडळाने दाट वस्त्या पाडण्याचे काम जितक्या तत्परतेने केले तितक्या तत्परतेने नवी घरे बांधली नाहीत. १९११ च्या जनगणनेच्या काळात शहरातील दोन-तृतीयांशाहून अधिक लोक एकाच खोलीच्या घरात राहत होते. त्या वर्षी दर हजार पुरुषांमागे शहरात केवळ ५३० स्त्रिया होत्या. १९२१ साली हे प्रमाण ५२५ पर्यंत खाली आले.

या आकड्यांचा अर्थ स्पष्ट आहे. कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगार मुंबईत एकटा राहत होता व त्याचे कुटुंब गावी होते. एका गावचे वीस-पंचवीस पुरुष एक खोली भाड्याने घेत. पाळीप्रमाणे काही कामावर जात, काही झोपत. ट्रंका भिंतीशी आणि वळकट्या दांडीवर. 'गावकीची खोली' म्हणून ओळखली जाणारी ही व्यवस्था बाहेरून धर्मशाळेसारखी भासली, तरी तिला स्वतःचे नियम, वर्गणी आणि शिस्त होती. गावात मंदिराचा जीर्णोद्धार करावयाचा असो वा कोणाचे लग्न असो, निर्णय पुष्कळदा या खोलीत होत. तथापि पावती मात्र एकाच माणसाच्या नावे फाडली जाई. जोवर खोलीला भाड्यापलीकडे मोल नव्हते, तोवर यात कोणालाच काही वावगे वाटले नाही.

गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या कारकिर्दीत १९२० साली स्थापन झालेल्या मुंबई विकास विभागाने, म्हणजेच लोकभाषेतील 'बीडीडी'ने, पन्नास हजार एकखोली घरांची योजना आखली. शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर बसवून त्यासाठी निधी उभा करण्यात आला. प्रत्यक्षात वरळीत १२१, नायगावात ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीत १२ अशा २०७ चाळी उभ्या राहिल्या. प्रत्येक चाळीत ८० खोल्या आणि प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. संकल्प आणि सिद्धी यांतील हे अंतर त्यानंतरच्या अनेक गृहनिर्माण योजनांतही आढळते.

१९४७ चा कायदा आणि 'सोबत राहणे'

पहिल्या महायुद्धकाळातील भाववाढीमुळे १९१८ साली मुंबईत प्रथम भाडेनियंत्रण आले. ते कायमस्वरूपी नव्हते. खरा बदल घडविला तो १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने. सप्टेंबर १९४० मधील भाडे हे 'प्रमाण भाडे' म्हणून गोठविण्यात आले, मनमानी निष्कासनास पायबंद बसला आणि घेतलेल्या रकमेची लेखी पावती देणे घरमालकावर बंधनकारक झाले. सरकारी मालकीच्या चाळींना हा कायदा लागू नव्हता, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. परंतु गिरणगावातील खासगी चाळींत राहणाऱ्या कुटुंबांसाठी तो एक प्रकारचा अभयलेखच होता.

या कायद्यातील दोन तरतुदींचा कौटुंबिक जीवनावर झालेला परिणाम विशेष विचारात घेण्यासारखा आहे. पहिली तरतूद भाडेकरूच्या मृत्यूनंतरची. भाडेकरूचा हक्क त्याच्या मृत्यूसमयी त्याच्यासोबत राहत असलेल्या कुटुंबीयाकडे जावा, आणि एकमत न झाल्यास न्यायालयाने निर्णय द्यावा, असे कायदा सांगत होता. पुढे वारसांचाही उल्लेख कायद्यात आला. मात्र सोबत राहणारे कोणी नसेल तरच त्यांचा क्रम लागे. दुसरी तरतूद वापराविषयीची. सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने खोली वापरात नसेल, तर मालकास ती परत मागता येत असे.

कायदा करणाऱ्यांसमोर पती, पत्नी व मुले एकत्र राहणारे शहरी कुटुंब होते. गिरणगावातील कुटुंब मात्र दोन ठिकाणी विभागलेले होते. रत्नागिरी किंवा साताऱ्याकडील गावी राहून शेती सांभाळणारी, सासू-सासऱ्यांचे करणारी आणि मुंबईला तांदूळ-नाचणी पाठविणारी पत्नी ही कायद्याच्या दृष्टीने 'सोबत राहणारी' नव्हती. त्याच खोलीत झोपणारा धाकटा दीर मात्र होता. पती हयात असेपर्यंत हा भेद कोणास जाणवत नसे. तो जाणवे पतीच्या तेराव्यानंतर, पावती कोणाच्या नावे करावयाची हा विषय निघाला म्हणजे. भाडेकरूला दिलेले संरक्षण आणि कुटुंबाला दिलेले संरक्षण या दोन गोष्टी एक नव्हेत. या कायद्याच्या मूल्यमापनात हा फरक आजवर पुरेसा ध्यानात घेतला गेलेला नाही, असे वाटते.

सहा महिन्यांच्या अटीचा परिणाम आणखी वेगळा. खोली राखावयाची तर तेथे कोणीतरी राहिलेच पाहिजे. त्यामुळे एका मुलाला मुंबईत ठेवणे, गावाहून पुतण्या किंवा भाचा बोलावून घेणे, शिक्षण संपण्याआधीच त्याला गिरणीत बदली कामगार म्हणून चिकटविणे, या निर्णयांमागे नोकरीइतकाच खोलीचाही विचार होता. गावकीच्या खोल्यांत रूढी आणि कायदा यांचा उघड विरोध होता. खोली साऱ्या गावाची, पण पावतीवरील नाव एकाचे. त्या एकाच्या मुलांनी कायद्याचा आधार घेतला, तर गावाच्या हाती वर्गणीच्या वहीखेरीज काय उरणार?

पागडी : कागदाविना खरेदी

मध्यमवर्गाने घरखरेदीचा वेगळा मार्ग शोधला होता. गावदेवी येथील सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ सालीच स्थापन झाली होती आणि १९६३ च्या कायद्यानंतर 'ओनरशिप फ्लॅट' हा शब्द शहरात रुळला. कामगाराला ही वाट आर्थिकदृष्ट्या बंद होती. त्याची घरखरेदी म्हणजे पागडी.

पागडीत विकले जाई ते घर नव्हे, तर त्यात अल्प भाड्याने राहण्याचा हक्क. खोली सोडणारा भाडेकरू येणाऱ्याकडून एकरकमी पैसे घेई, त्यातील ठराविक हिस्सा (रूढीने साधारण एक-तृतीयांश) घरमालकाला मिळे आणि मालक नव्या नावाने पावती फाडून देई. 'पावती बदलून घेणे' हा चाळीतील शब्दप्रयोग येथूनच आला. १९४७ च्या कायद्याने अशी रक्कम घेणे हा गुन्हा ठरविला होता. परिणामी गरीब कुटुंबाच्या आयुष्यातील सर्वांत मोठा व्यवहार रोखीने आणि निनावी होई. भविष्यनिर्वाह निधीतील उचल, भिशी, सावकाराचे व्याजी पैसे, पत्नीच्या अंगावरील डाग विकून आलेली रक्कम असे सारे मिळून पागडी उभी राही. स्त्रीधन मोडून घेतलेल्या खोलीच्या पावतीवर पुन्हा पुरुषाचेच नाव येई, आणि त्या पैशांचा कोठेही लेखी पुरावा उरत नसे.

भाडे गोठल्यामुळे मालकांनी दुरुस्तीकडे पाठ फिरविली. पावसाळ्यात जुन्या इमारती कोसळू लागल्या, तेव्हा १९६९ च्या कायद्याने उपकर बसवून दुरुस्तीची जबाबदारी शासकीय मंडळाकडे घेण्यात आली; अशा उपकरप्राप्त इमारतींची संख्या सुमारे १९ हजार ६०० होती. १९ डिसेंबर १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोठविलेले भाडे अवाजवी ठरविले. त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि त्याने पागडीला कायदेशीर मान्यता दिली. अर्धशतक चोरून चाललेला व्यवहार उजेडात आला खरा, पण तोवर गिरणगावातील अनेक कुटुंबे खोली विकून विरार, नालासोपारा, डोंबिवलीकडे निघून गेली होती.

खोलीचे उत्पन्न आणि बाईचे श्रम

गिरणगावातील खोली ही निवाऱ्याबरोबरच उत्पन्नाचे साधनही होती. ज्या कामगारांनी कुटुंब मुंबईला आणले, त्यांच्या घरातील स्त्रिया दहा-बारा एकट्या कामगारांना जेवण देत. पहाटेची पाळी गाठणाऱ्यांचे डबे, रात्रपाळीहून येणाऱ्यांचे जेवण, महिनाअखेरचा हिशेब आणि थकलेली उधारी असा हा उद्योग दीडशे-पावणेदोनशे चौरस फुटांत चाले. त्याच जागेत मोरी, पोटमाळा, शिकणारी मुले आणि नवे लग्न झालेले जोडपे. पुरुष मंडळी गॅलरीत किंवा फुटपाथवर झोपत, ती हौसेने नव्हे.

१९७५ साली प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाने या खानावळवाल्या स्त्रियांना संघटित करून बँकेचे कर्ज मिळवून दिले. स्त्रियांच्या संघटनाचा टप्पा म्हणून या घटनेची नोंद होते. घराच्या इतिहासातही ती तितकीच महत्त्वाची आहे. ज्या जागेवर आपले कोणतेच नाव नाही, त्या जागेत मिळविलेल्या उत्पन्नावर या स्त्रियांना पत मिळाली.

संप, तिकीट आणि सोडत

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. पगार थांबल्यावर अनेकांनी गाव गाठले. वर उल्लेखिलेली सहा महिन्यांची तरतूद ध्यानात घेतली म्हणजे संपकाळातील कुटुंबांची आणखी एक अडचण कळते : पोटासाठी गावी जावे, तर खोलीसाठी मुंबईत कोणीतरी राहावे. खोली राखण्यासाठी मागे राहिलेल्यांनी मिळेल ते काम पत्करले. स्त्रियांची घरकामे, मुलांची हातगाडी आणि पुढे काही तरुणांचे गुन्हेगारीकडे वळणे हा काळ जयंत पवार यांच्या 'अधांतर' (१९९७) या नाटकाचा विषय झाला आहे.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ क्रमांकाच्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीची विक्री खुली केली. त्यानुसार जमिनीचा एक-तृतीयांश भाग महापालिकेला आणि एक-तृतीयांश म्हाडाला मिळणे अपेक्षित होते. २००१ मधील बदलाने ही वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती राहिली आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने त्यावर शिक्कामोर्तब झाले. कामगारांच्या घरांसाठी उपलब्ध होणारी जमीन त्यामुळे फारच आकसली.

२८ जून २०१२ रोजी गिरणी कामगारांसाठी ६,९२५ घरांची पहिली सोडत निघाली. २२५ चौरस फुटांचे घर, किंमत साडेसात लाख रुपये. पुढील काळात एकूण अर्जांची संख्या पावणेदोन लाखांच्या घरात गेली. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असणे ही पात्रतेची अट होती. त्यासाठी गिरणीचे तिकीट, राज्य विमा योजनेचा क्रमांक, भविष्यनिर्वाह निधीची नोंद, रजेचे कार्ड असे पुरावे मागण्यात आले. भाडेपावतीऐवजी आता गिरणीचा कागद निर्णायक ठरला. गोणपाटात बांधून माळ्यावर टाकलेल्या कागदांना अचानक मोल आले. ज्यांच्या घरी पावसात माळा गळला होता, त्यांचा दावाही त्याबरोबर भिजला. कामगार हयात नसेल तेथे वारसांना संधी होती. येथे गावी राहिलेल्या विधवेचे स्थान कायद्याने अधिक भक्कम झाले, कारण 'सोबत राहणे' ही कसोटी उरली नव्हती. मात्र साडेसात लाखांची जुळवाजुळव करताना कर्जाचे हप्ते मुलगा भरणार आणि घरात कोण राहणार तेही तोच ठरविणार, अशी नवी तडजोड कुटुंबात निर्माण झाली.

मालकीकडे

बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन एप्रिल २०१७ मध्ये झाले आणि १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या देण्यात आल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे मालकी हक्काचे घर, तेही विनामूल्य. या बदलाविषयी लिहिताना बहुतेकांचे लक्ष क्षेत्रफळ, उंच इमारती आणि येणारा देखभाल खर्च यांकडे गेले आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला त्यात आणखी एक बदल दिसतो. घरावरील हक्काचा पायाच बदलला आहे. भाडेहक्काच्या व्यवस्थेत लग्न होऊन भांडुपला किंवा कल्याणला गेलेल्या मुलीचा माहेरच्या खोलीशी संबंध गणपतीपुरता राही. मालकीच्या घराला मात्र, मालकाने मृत्युपत्र केले नसल्यास, १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागू होतो. या चाळींतील हिंदू आणि बौद्ध अशा दोन्ही कुटुंबांना तो लागू आहे. त्यानुसार विधवा, मुलगा आणि मुलगी हे समान वारस आहेत, मग ती मुलगी त्या घरात राहत असो वा नसो. भावाने आईवडिलांना सांभाळत राखलेली खोली आणि बहिणीचा कायदेशीर वाटा यांचा मेळ घालण्याचे काम या कुटुंबांपुढे आता प्रथमच आले आहे. नव्या इमारतीच्या सोसायटीत सभासद म्हणून कोणाचे नाव लागते आणि नामनिर्देशनाच्या अर्जावर कोणाचे, हे पुढील संशोधकाने घरटी तपासावे असे आहे.