नानीच्या वह्या

११ सप्टेंबर १९७३ रोजी चिलीत लष्कराने साल्वादोर आयेंदे यांचे सरकार उलथले. हजारोंचा छळ झाला, कित्येक बेपत्ता झाले. त्यांच्याच नात्यातील इसाबेल आयेंदे यांनी व्हेनेझुएलात परागंदा असताना १९८१ साली मरणोन्मुख आजोबांना पत्र लिहायला घेतले. त्याचीच १९८२ साली ‘आत्म्यांचे घर’ ही स्पॅनिश कादंबरी झाली. तिच्यातील आल्बा कोठडीत मरण मागते, तेव्हा मृत नानी क्लारा समोर येते. जग आणि मनातच लिहीत जा, असे बजावते. सुटल्यावर आल्बा नानीच्याच वह्यांवरून घराण्याची हकीकत लिहिते.

भूत खरे की खोटे, हा प्रश्न आम्हांस गौण वाटतो. उर्दूत हौतात्म्यालाही ‘शहादत’ म्हणतात आणि साक्षीलाही. आल्बाने साक्ष निवडली. आमच्या नानी-दादींनी वह्या ठेवल्या नाहीत. त्या बोलत आहेत तोवर आपणच लिहून घेतले पाहिजे.