आडनाव आणि मुक्काम

परळीच्या एका लॉजवर मी आधार कार्ड पुढं केलं. मॅनेजरनं आधी आडनाव वाचलं, मग फोटो पाहिला. दोनच सेकंद. पण आमच्या घरात या दोन सेकंदांना मोठा इतिहास आहे.

आमच्या बीड जिल्ह्यातून वाटसरू कायम जात आले. कुणी परळीच्या वैजनाथाला, कुणी अंबाजोगाईच्या योगेश्वरीला. मुक्ताईची आणि नाथांची पालखी इथूनच पंढरपूरला जाते. तरी इंग्लंडच्या खेड्यात असायची तशी पैसे घेऊन जेवण, दारू आणि बिछाना देणारी जागा आपल्या गावांत नव्हती. मारुतीच्या देवळात वळकटी टाकायची, नाहीतर धर्मशाळेत. अहिल्याबाई होळकरांनी १८व्या शतकात वैजनाथाच्या देवळाचा जीर्णोद्धार केला, देशभर धर्मशाळाही बांधल्या. धर्मशाळेला भाडं नसायचं. बांधणाऱ्याला पुण्य, उतरणाऱ्याला छप्पर. शिधा आपला, चूल आपली.

चूल आपली का? कारण कुणाच्या हातचं खायचं हे जात ठरवायची. शिजलेलं अन्न विकणारी खानावळ त्यामुळंच उशिरा आली, असं मला वाटतं. आणि जिथं चूल वेगळी, तिथं आड वेगळा, ओसरीही वेगळी.

गावात परका माणूस आला की वर्दी देणं, त्याचं ओझं वाहणं, पुढच्या गावची वाट दाखवणं हे महाराचं वतनी काम. तोच महार स्वतः प्रवासाला निघाला की देवळाच्या पायरीबाहेर. शिकून परिस्थिती बदलावी, तर कोलंबियात शिकून आलेले बाबासाहेब बडोद्यात पारशी नाव सांगून पारशांच्या धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’त त्यांनी हे लिहिलंय. पीडीएफ सहज मिळते, वाचाच.

आजोबा लहानपणी वडिलांबरोबर पंढरपूरला चालत गेले. वाटेत मुक्काम झाडाखाली, नाहीतर नदीच्या वाळूत. पंढरपुरात मात्र गाडगेबाबांनी अस्पृश्यांसाठी बांधलेली चोखामेळा धर्मशाळा होती. (पुढं १९४९ मध्ये बाबांनी ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली.) विठोबाबद्दल आजोबा फारसं बोलत नसत. त्या धर्मशाळेच्या फरशीबद्दल बोलायचे. थंडगार होती म्हणे, आणि रात्री कुणी उठवलं नाही.

मॅनेजरनं झेरॉक्स काढली, किल्ली दिली आणि म्हणाला, “पाणी सकाळी सहालाच येतं, बादली भरून ठेवा.”