डागडुजीतून जन्मलेली फळी

आजच्या हलक्या सर्फबोर्डचं मूळ शोधत मागे गेलं की आपण जुन्या फळ्यांच्या डागडुजीपाशी येऊन पोहोचतो. फळी जपण्याची रीत तर त्याहून जुनी. 1823 साली हवाई बेटावर फिरलेला मिशनरी विल्यम एलिस लिहून गेला आहे की तिथले लोक लाटांवरून परतल्यावर फळी उन्हात खडखडीत वाळवत, तिला खोबरेल चोळत आणि बरेचदा कापडात गुंडाळून घरातच टांगून ठेवत.

पुढे परक्या रोगांनी बेटावरची माणसं गेली, मिशनऱ्यांच्या नापसंतीने खेळही ओसरला. उरल्या थोड्या फळ्या. त्यांतल्या सरदार पाकीच्या दोन अवजड ‘ओलो’ फळ्या होनोलुलूच्या बिशप म्युझियममध्ये होत्या. हे संग्रहालय 1889 साली पाकीच्याच मुलीच्या स्मरणार्थ उभं राहिलं. 1920च्या दशकात मूळच्या विस्कॉन्सिनच्या टॉम ब्लेकने तिथल्या जुन्या फळ्या दुरुस्त केल्या. तेवढ्यावर तो थांबला नाही. त्याने ‘ओलो’ची प्रतिकृती केली, वजन घटवण्यासाठी भरीव लाकडाला शेकडो भोकं पाडली आणि वरून पातळ लाकूड बसवून ती बंद केली. यातूनच पोकळ फळी आली. 1932 मध्ये तिला पेटंट मिळालं आणि 1935 मध्ये ब्लेकनेच फळीच्या पोटाखाली सुकाणूसारखा पंख लावला. ही दुरुस्ती त्याने हाती घेतली नसती, तर सर्फिंग आणखी कितीतरी वर्षं जड लाकडाखाली अडकून पडलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लास आणि रेझिन आलं. 1950च्या दशकाअखेर कॅलिफोर्नियात होबी ऑल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी पॉलियुरेथेन फोमची फळी रुळवली. तेव्हापासून घरच्या दुरुस्तीचं तंत्र फारसं बदललेलं नाही. वरच्या काचकवचाला तडा गेला की पाणी आत शिरतं, फोम पिवळा पडतो, फळी जड होते. म्हणून आधी भेग मोकळी करून फळी सावलीत पूर्ण वाळू द्यायची. ओल राहिली तर वरचा थर धरत नाही. सुटं झालेलं कवच काढायचं, कडा पॉलिशपेपरने घासायच्या, खड्डा भरून घ्यायचा, त्यावर रेझिनमध्ये भिजवलेलं फायबरग्लासचं कापड बसवायचं आणि सुकल्यावर पुन्हा घासून सपाट करायचं. फोम कोणता आहे हे मात्र आधी बघा. पॉलियुरेथेनला पॉलिएस्टर रेझिन चालतं. थर्माकोलच्या जातीच्या फोमला ते लावलं तर त्यातलं स्टायरिन फोमच विरघळवून टाकतं. तिथे इपॉक्सीच हवं. काम मोकळ्या हवेत करा. घासताना मास्क लावा, काचेची धूळ छातीत जाते.

जुन्या फळीच्या मध्यरेषेजवळ, काचेखाली, बरेचदा घडवणाऱ्याची पेन्सिलीतली सही असते. ती कृपा करून घासून घालवू नका, तिच्यावर रंगही चढवू नका.