दारूबंदीच्या जिल्ह्यातला दारुडा

गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. पुढे तेच गाव सेवाग्राम झाले. डिसेंबर १९४१ मध्ये बार्डोलीला जाताना रेल्वेच्या डब्यात त्यांनी रचनात्मक कार्यक्रमाची पुस्तिका लिहिली. दारूबंदी तिच्यात आहेच, पण नुसत्या कायद्यावर त्यांची भिस्त नव्हती. दारुड्याची आणि अफूबाजाची सवय सोडवण्याचे मार्ग डॉक्टरांनी शोधावेत, दमलेल्या मजुराला अंग टेकायला, स्वस्तात खायला नि खेळायला जागा मिळावी, असे त्यांनी सुचवले. माणूस का पितो, हा प्रश्न त्यामागे होता.

सत्तरच्या दशकात वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आली. दारू काही गेली नाही.

मोहफुले नि गूळ ड्रममध्ये आंबवत ठेवायचे, सडवा फसफसला की खाली चूल पेटवायची. पोलीस ड्रम उपडे करतात, बायका अड्ड्यावर चालून जातात, अन् हातभट्टी नाल्याकाठी दुसरीकडे सरकते. पिणारा तोच राहतो.

डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय उभारले. दारू सुटताना हात थरथरतात, झोप उडते, भास होतात. त्यावर तिथल्या वॉर्डात औषध आहे. घरी परतल्यावर मात्र कर्ज, रिकामा दिवस नि जुने सोबती तसेच वाट पाहत असतात.

घरापर्यंत पोहोचण्याचा एक प्रयत्न पुण्यात झाला. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, तेव्हा समोर ब्राऊन शुगरच्या विळख्यातली पोरे होती. तिथे समुपदेशनात घरच्यांनाही बसवले गेले.