फ्लोरेन्समधील चैनीची होळी

पंधराव्या शतकात सावकारी आणि कापडाच्या व्यापारावर फ्लोरेन्स गबर झाले होते. १४९४ मध्ये मेदिची घराण्याची सत्ता गेली, आणि डोमिनिकन संन्यासी सावोनारोला याच्या प्रवचनांना गर्दी लोटू लागली. चैन सोडा, पश्चात्ताप करा, प्रार्थनेकडे वळा, हा त्याचा उपदेश.

७ फेब्रुवारी १४९७, ख्रिस्ती उपवासकाळाची पूर्वसंध्या. मुलांच्या टोळ्यांनी घरोघर फिरून जमवलेले आरसे, केसांचे टोप, पत्ते, वाद्ये, चित्रे सिन्योरिया चौकात रचून पेटवण्यात आली. काहींनी ती श्रद्धेने दिली, काहींनी धाकाने. आगीला हा भेद कळत नव्हता.

मे महिन्यात पोपने सावोनारोलाला बहिष्कृत केले. २३ मे १४९८ रोजी त्याच चौकात त्याला फाशी देऊन जाळण्यात आले. अनुयायांनी अवशेष जपू नयेत, म्हणून राख आर्नो नदीत टाकली गेली.