शेतकऱ्याची नाईट शिफ्ट

मंडळी, आपल्या नाईट शिफ्टला दारात कॅब येते. परभणीकडचा शेतकरी मात्र रात्री दोनला टॉर्च घेऊन पिकाला पाणी द्यायला निघतो, साप-विंचवांतून! का? तर त्याला इतिहास आहे.

१९६८ साली पूर्णेवर येलदरी धरण झालं, सोबत २२.५ मेगावॅटचं वीजघर. १९७१ मध्ये शेजारी परळीला कोळशाचं केंद्र आलं. कोळशाचा संच रोज बंद-चालू करणं परवडत नाही आणि रात्री मागणी पडते. मग काय, शेतीपंप आळीपाळीने रात्रीवर ढकलले.

३१ डिसेंबर २०१३ला रायचूर-सोलापूर लाईनने दक्षिण भारत जोडला गेला, देशाचं ग्रिड एक झालं. नाईट शिफ्ट तशीच!

सौरऊर्जेने हे गणितच उलटं केलंय. आता स्वस्त वीज भरदुपारी. २०१७च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सबस्टेशनजवळ सोलर पॅनल लावून शेतीचा फीडर दिवसा चालवायचा. पंपाला बॅटरीही नको, पाणी जमिनीत मुरलं की झालं. ढग आले तर? तिथे ग्रिड हवंच. येलदरीसारखं जलविद्युत काही मिनिटांत चालू होतं.

असो. ग्रिड मॉडर्न झाल्याची माझी टेस्ट एकच: तो शेतकरी रात्री घरी झोपतोय ना?